वडिलांची पद्मिनी सिग्नलला थरथरते, रस्त्यावर मात्र छान पळते. नेमकं कुठे शोधू? (नाशिक)

पद्मिनीवाली

नमस्कार. आमच्याकडे १९८१ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी १९९० मध्ये जुनी म्हणूनच घेतली होती. गंगापूर रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा होत्या, त्या रस्त्यावर मी हीच गाडी शिकले. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. लांब चालवत नाहीत, पण दर सोमवारी त्र्यंबकला हीच गाडी घेऊन जायचा त्यांचा नेम होता. तो चार महिन्यांपासून बंद पडलाय.

त्रास असा आहे. सकाळी चोक ओढून गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते आणि सुरुवातीला व्यवस्थित चालते. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं की अशोक स्तंभाला किंवा सीबीएसच्या सिग्नलला थांबल्यावर अख्खी गाडी हादरायला लागते. गिअरची दांडी हातात थरथरते, आरसा इतका हलतो की मागची गाडी ओळखू येत नाही. हेडलाइट लावले की बंदच पडते. ऑइलचा लाल दिवाही लुकलुकतो. पण सिग्नल सुटला, थोडी रेस दिली, की काही झालंच नाही अशी पळते.

आतापर्यंत केलेलं काम: चारही प्लग नवे, सीबी पॉइंट आणि कंडेन्सर नवे, कार्बोरेटरला किट, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर. दोन गॅरेज झाली. दोघांनीही शेवटी स्लोचा (उभ्या गाडीत इंजिन ज्या कमी वेगाने फिरतं त्याचा) स्क्रू आवळून रेस वाढवून दिली. त्याने गाडी बंद पडत नाही, पण हादरे तेच, आणि पेट्रोल जास्त जातं.

आणखी एक मेकॅनिक म्हणतो, "हे सगळं जुनं झालंय, दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवून देतो." बाबांना ते नको आहे. मलाही नको आहे. कुठून सुरुवात करू?

नवखा_११००

माझ्याकडे ७६ ची आहे. मी दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवला आणि सुटलो. सोलेक्सच्या (मूळच्या कार्बोरेटरच्या) मागे लागू नका, जेट मिळत नाहीत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हापासून माल आणखी आटलाय.

सातपूरचा_फिटर

ताई, आधी एक विनंती. आजपासून कार्बोरेटरला स्क्रू ड्रायव्हर लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. मी सातपूर एमआयडीसीत बत्तीस वर्षं फिटर होतो आणि घरची फियाट स्वतःच्या हाताने ठेवली आहे. स्लोची तक्रार आली की नव्वद टक्के लोकांचा हात कार्बोरेटरकडे जातो, कारण तो वरच असतो आणि त्याला फिरवायला स्क्रू असतात. खराबी कुठे आहे ते कळायच्या आत स्क्रू फिरवला, की मग दोन चुका होतात. मूळची राहतेच, वर आपण केलेली एक.

स्लोवर इंजिन चांगलं चालायला तीन गोष्टी लागतात: प्रत्येक सिलिंडरमध्ये सारखा दाब, वेळेवर ठिणगी, आणि बरोबर मिश्रण. तपासायचा क्रमही हाच. मिश्रण सर्वांत शेवटी, कारण पहिल्या दोन गोष्टी ठीक नसतील तर मिश्रण कितीही लावा, लागणार नाही.

हादरा कशाचा आहे ते आधी ऐका. स्लो ७०० आरपीएम धरला तर एक सिलिंडर मिनिटाला साडेतीनशे वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा वेळा. एकच सिलिंडर मार खात असेल तर हादरा तालात येतो, धड-धड-धड, एकसारखा. सगळेच सिलिंडर अधूनमधून चुकत असतील तर ताल नसतो, गाडी कधी इकडे कधी तिकडे झटका देते. तुमचा कोणता ते कान देऊन बघा. बाबांना विचारा, त्यांना नक्की सांगता येईल.

मग इंजिन तापल्यावर, स्लोवर, एकेका प्लगची टोपी काढून बघा. हाताने नका काढू, मोठा झटका बसतो. जाड रबरी मोजा आणि इन्सुलेशनची पक्कड वापरा, काढलेली वायर इंजिनच्या धातूला टेकवून धरा. ज्याची टोपी काढल्यावर इंजिन आणखी लंगडतं तो सिलिंडर काम करत होता. ज्याची काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला होता.

आणि पीयूसीची शेवटची पावती असेल तर तिच्यावरचे दोन आकडे इथे लिहा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी. नापास झाली असेल तरी लिहा.

पद्मिनीवाली

काका, मनापासून धन्यवाद. इतक्या नीट कुणीच समजावलं नव्हतं.

बाबांना विचारलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तालात आहे. एकच जण चुकतोय."

संध्याकाळी गाडी कॉलेज रोडला दोन फेऱ्या मारून तापवून आणली आणि टोप्या काढून बघितल्या. रेडिएटरकडून मोजलं तर १, २ आणि ४ ची काढल्यावर इंजिन लगेच पडायला येतं. ३ ची काढली तर फरक जवळजवळ नाही. गंमत म्हणजे थंड इंजिनावर ३ नंबरही थोडा काम करतो.

पीयूसी मागच्या महिन्यात नापास झाली. सीओ १.१ टक्के, एचसी २,३०० पीपीएम. तिथला मुलगा म्हणाला की कार्बोरेटर ओव्हर करतोय.

सातपूरचा_फिटर

तो मुलगा चुकला. तुमच्या वयाच्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी १,५०० पीपीएम. कार्बोरेटर ओव्हर करत असता, म्हणजे पेट्रोल जास्त जात असतं, तर सीओ वर गेला असता. तो १.१ आहे, म्हणजे बऱ्यापैकी खाली. एचसी मात्र वर आहे. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. मिश्रण जास्त घट्ट नसताना न जळलेलं पेट्रोल बाहेर येतंय, याचा अर्थ एखादा सिलिंडर आलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमध्ये सोडतोय. तुम्ही टोपी काढून जे शोधलं तेच पावतीवर छापलेलं आहे. एवढ्या थोड्या पैशांत अशी तपासणी दुसरीकडे कुठे होत नाही, पण ही पावती लोक फक्त पास-नापास बघून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतात.

आता ३ नंबर का मेला ते शोधायचं. दाब की ठिणगी?

अंबडकर

ठिणगीपासून बघा, त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. ३ आणि २ चे प्लग आपसात बदला. खराबी २ वर गेली तर प्लग. नाही गेली तर दोघांच्या वायरी दोन्ही टोकांनी काढून आपसात बदला. तरी ३ वरच राहिली तर ठिणगीचा संशय बहुतेक संपला, उरते फक्त डिस्ट्रिब्युटर कॅपमधली (ठिणगी चौघांत वाटणाऱ्या टोपीतली) ३ ची जोडणी. ती आतून काळी पडलीय का, कॅपला केसासारखी चीर आहे का, ते उजेडात धरून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. घाईत ३ आणि २ उलटसुलट लागले तर तुम्ही नवीनच त्रास शोधत बसाल.

आणखी एक. रात्री अंगणातले दिवे घालवून, बॉनेट उघडून, इंजिन स्लोवर ठेवून बघा. वायर फुटली असेल तर निळी ठिणगी अंधारात बारीक किड्यासारखी चालताना दिसते. माझ्या गाडीचा दोष मला असाच, लोडशेडिंगमध्ये सापडला होता.

आणि हो, नवा कंडेन्सर टाकलाय म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. हल्ली बाजारात येणारे बरेच नवे कंडेन्सर तापले की दगा देतात. जुना फेकला नसेल तर लावून बघा. पण कंडेन्सर गेला तर चारही सिलिंडर चुकतील, एकटा ३ नाही. तुमच्या लक्षणात तो बसत नाही.

पद्मिनीवाली

सगळं केलं. प्लग बदलले, वायरी बदलल्या. खराबी ३ वरच. कॅप स्वच्छ आहे. अंधारात कुठेही ठिणगी दिसली नाही.

प्लग काढले तेव्हा एक दिसलं. १, २, ४ चे प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचे, ३ चा काळपट आणि ओलसर. बोटाला लागला तो पेट्रोलचा ओलावा, तेलाचा चिकटपणा नाही. बाबांनी वास घेऊन खात्री केली.

जीप_सिन्नर

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी पेटत नाही. दाबाकडे चला.

खर्च न करता आधी एक बघा. इंजिन तापलेलं, स्लोवर. वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी सायलेन्सरच्या तोंडाशी हातात धरा. चांगल्या इंजिनात पट्टी फक्त बाहेर उडते. ती मधूनमधून आत ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) नीट बसत नाही.

व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारं) मिळालं तर तेही लावा. मात्र पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात हे लक्षात ठेवा. तिथे चांगलं इंजिन १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. नाशिक सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे दोन हजार फुटांच्या आसपास. इथे १५-१६ वर काटा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही. मी पहिल्यांदा गेज लावलं तेव्हा काटा बघून इंजिन उघडायला निघालो होतो. आकड्यापेक्षा काट्याची चाल बघायची. ठरावीक तालात दोन-चार इंच खाली झटका खाऊन परत येत असेल तर एकच व्हॉल्व्ह गळतोय. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा घेतेय. सावकाश वर-खाली झुलत असेल तर मिश्रण.

मुंबईत ट्यून करून आणलेली गाडी कसारा घाट चढून इथे आली की थोडी ओव्हर वाटते, तेही याच उंचीमुळे. हवा विरळ, जेट तेच.

पद्मिनीवाली

पट्टी आत ओढली जाते! दर सात-आठ फुंकरींमागे एकदा, हलकीशी, पण ओढली जाते. मी तीनदा बघितलं, मग बाबांनी स्वतः वाकून बघितलं.

गेज इथल्या एका मित्राकडून आणतेय. काका, कॉम्प्रेशन टेस्ट कशी करायची तेही सांगाल का? गॅरेजमध्ये नेली की ते थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायचं म्हणतात.

सातपूरचा_फिटर

इंजिन चांगलं तापवा, तुमचा दोष तापल्यावरच येतो, तेव्हा थंडवर मोजून उपयोग नाही. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. चारही प्लग काढा. कॉइलची मधली वायर काढून बाजूला बांधा. एकाने आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, हे विसरलं की सगळेच आकडे खोटे येतात कारण हवाच आत जात नाही. मग गेज एकेका भोकाला लावून प्रत्येकी सहा-सात फेरे सेल्फ मारायचा. सगळ्यांना सारखेच फेरे.

आकडे लिहून घ्या. जो कमी येईल त्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि परत मोजा. तेल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअर. नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी आले तर मध्ये हेड पॅकिंग गेलंय.

एकूण आकडा किती याची काळजी करू नका. गेज-गेजमध्ये फरक असतो, उंचीमुळे थोडा कमी येतोच. चौघांत आपसात किती फरक आहे ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी चांगलं म्हणतो.

पद्मिनीवाली

आज सकाळी केलं. बाबा आत बसले, सेल्फ तेच मारत होते. मी प्रत्येक वेळी "हां" म्हटलं की ते सोडायचे. खूप वर्षांनी आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो.

१: १२८
२: १२५
३: ८२
४: १२६

सगळे पीएसआय. ३ मध्ये चमचाभर तेल टाकून परत: ८४.

देवळालीकर

बाप रे. ८२ म्हणजे व्हॉल्व्ह जळला. हेड उघडा, व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) ग्राइंड करा, गाइडही बघा. एवीतेवी उघडलंच आहे म्हणून रिंगाही टाका.

सातपूरचा_फिटर

देवळालीकर, थांबा. व्हॉल्व्ह आहे हे खरं, पण जळलाय हे अजून सिद्ध झालेलं नाही. नुसता बसत नसेल. ताई, हेड उघडण्याआधी टॅपेट कव्हर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांवरचं झाकण) उघडा. त्याला फक्त एक कॉर्कचं पॅकिंग लागतं.

टॅपेटला मुद्दाम थोडी फट ठेवतात. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. फट असेल तर ती लांबी फटीत मावते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतो. फट नसेल तर दांडी रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला) टेकते आणि व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहतो. थंड असताना बसतो, तापल्यावर नाही. तुमची गाडी पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय.

धावताना त्रास का नाही? केसभर फटीतून दाब निसटायला वेळ लागतो. स्लोवर पिस्टन सावकाश वर येतो, निसटायला भरपूर वेळ मिळतो. तीन हजारांवर तेवढा वेळच नसतो, दाब निसटायच्या आत ठिणगी पडते.

आणि हे असंच ठेवलं तर व्हॉल्व्ह खरंच जळेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून सोडतो. टेकलाच नाही तर उष्णता कुठे जाणार? कडेने जळतो.

टॅपेट थंड इंजिनावर बघायचं, रात्रभर उभ्या गाडीवर. फट मॅन्युअलमध्ये दिलेली घ्या, गॅरेजवाल्याच्या अंदाजाची नको. इन्टेक आणि एक्झॉस्टची वेगळी असते. कोणता व्हॉल्व्ह कधी लावायचा याची सोपी रीत: १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. २ चे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम झुलतात, म्हणजे एक मिटत येतो आणि दुसरा उघडायला लागतो, त्या क्षणी ३ चे दोन्ही मोकळे असतात. तेव्हा ३ चे लावायचे. ४ चे झुलताना १ चे. असंच उलट. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं.

एक विचारतो. मागच्या एक-दोन वर्षांत कुणी टॅपेटचा आवाज काढून दिला होता का?

पद्मिनीवाली

काका, तुम्हाला कसं कळलं? बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला तर ते बराच वेळ गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी टकटक येते म्हणून त्यांनीच एका गॅरेजमध्ये टॅपेट आवळून घेतले होते. "आवाज गेला म्हणून मी खूश झालो होतो," म्हणाले.

सातपूरचा_फिटर

त्यांना वाईट वाटू देऊ नका. ज्याला गाडीची काळजी असते त्यालाच तो आवाज ऐकू येतो. पण या इंजिनाला थोडी टकटक असतेच, ती असू द्यायची.

पुण्याची_अँबी

विषय थोडा वेगळा, पण कुणीतरी वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करा. माझी अँबेसेडर त्या पेट्रोलवर आल्यापासून स्लोला रुसते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा (पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम फुगतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून जेटमध्ये येतो. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत पाणी धरतं ते वेगळंच.

अंबडकर

बरोबर आहे, पण इथेनॉल चारही सिलिंडरना सारखंच मिळतं. एकट्या ३ चं दुखणं त्याने होत नाही. ताईंनी रबरी पाइप मात्र नव्या पेट्रोलला चालणारे टाकून घ्यावेत. फुगलेला पाइप तापलेल्या इंजिनाजवळ फुटला तर आग लागते. याला स्लोशी काही देणंघेणं नाही, तरी हे काम पुढे ढकलू नका.

पद्मिनीवाली

रविवारी कव्हर उघडलं. सात व्हॉल्व्हना फिलर गेजची (फट मोजायची) पानं जात होती, काही किंचित घट्ट, पण जात होती. ३ नंबरच्या एक्झॉस्टला माझ्याकडचं सर्वांत पातळ ०.०५ मिमीचं पानही शिरेना. पानाचं टोक रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये धरून मी हलकेच ढकलत होते आणि ते वाकून परत येत होतं. त्या जागी व्हॉल्व्हच्या टोकावर आरशासारखी चकाकी आली होती. बाकी सातांवर ती नव्हती.

आठही मॅन्युअलप्रमाणे लावले. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि फट बदलते, त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्ह दोन-तीनदा करावा लागला. ३ च्या एक्झॉस्टला तर पाच वेळा. दुपार गेली.

मग तापवून परत मोजलं: १२८, १२६, ११६, १२७.

गाडी सुरू करून दहा मिनिटं स्लोवर ठेवली. तो धड-धड गेला. आरशात मागचं दार दिसतं, स्थिर. स्लोचा स्क्रू दीड फेरा सैल करता आला. ऑइलचा दिवाही लुकलुकत नाही. बाबांनी बॉनेटवर परत हात ठेवला आणि यावेळी काहीच बोलले नाहीत, फक्त मला मागे बघायला सांगितलं. सायलेन्सरच्या तोंडाशी पट्टी सरळ बाहेर उडत होती.

एकच राहिलंय. आता स्लो एका जागी ठरत नाही. आपोआप थोडा वर जातो, थोडा खाली येतो. हादरा नाही, पण श्वास घेतल्यासारखं. व्हॅक्यूमचा काटा १४ वर, जवळपास स्थिर.

जीप_सिन्नर

वा! ८२ वरून ११६. हेड वाचलं.

१४ थोडा कमी आहे, आणि स्लो झुलतोय. आता बाहेरून हवा घेत असणार. आधीची खराबी मोठी होती म्हणून ही झाकली गेली होती. चोकवर चांगली चालते तेही याच्याशी जुळतं, चोकमुळे मिश्रण घट्ट होतं आणि शिरणारी फुकट हवा भरून निघते. मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग, व्हॅक्यूम अॅडव्हान्सची बारीक नळी, आणि थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे कार्बोरेटरमधली हवेची चकती फिरवणारी दांडी. माझा संशय शेवटच्यावर.

सातपूरचा_फिटर

माझाही. चाळीस वर्षांत अॅक्सिलरेटर लाखो वेळा दाबला जातो आणि प्रत्येक वेळी स्पिंडल त्याच बाजूला ओढला जातो. कार्बोरेटरच्या बॉडीतलं भोक लांबट होतं. किट टाकून हे सुधारत नाही, किटमध्ये पॅकिंग आणि सुई येते, भोक नाही. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, इंजिन अगदी थोडी हवा घेत असतं, त्यात हे भोक मोठा वाटेकरी होतं. रेस दिली की त्याचा वाटा नगण्य.

इंजिन बंद असताना स्पिंडलचं टोक बोटांनी वर-खाली हलवून बघा. मग इंजिन स्लोवर ठेवून, तेलाच्या बुधलीने स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी एकेक थेंब इंजिन ऑइल सोडा. तेल भोकात ओढलं जाऊन फट बुजेल. त्या काही सेकंदांत स्लो बदलला, तर दोष तिथेच. पेट्रोल किंवा कुठलाही स्प्रे मारू नका. खाली तापलेला एक्झॉस्ट आहे.

पद्मिनीवाली

तेलाचे दोन थेंब टाकले. लिव्हरच्या बाजूला थेंब भोकापाशी क्षणभर थांबला आणि डोळ्यांदेखत आत ओढला गेला. स्लो लगेच वाढला आणि एकदम सरळ झाला, व्हॅक्यूम १६. मग वीस-पंचवीस सेकंदांनी परत झुलायला लागला. दुसऱ्या बाजूला फरक नाही.

अंबडला एका लेथवाल्या काकांनी बॉडी रीम करून दोन्ही बाजूंना गनमेटलच्या बुश बसवून दिल्या. त्यांनी आधी स्पिंडल मायक्रोमीटरने तीन जागी मोजला, तोही झिजला होता, म्हणून नवा टर्न केला. एक दिवस गेला. बसवताना थ्रॉटलची चकती दोनदा अडकली. बोअरमध्ये मध्यभागी येईपर्यंत तिचे दोन बारीक स्क्रू सैल ठेवायचे, थ्रॉटल दोन-तीनदा उघडमीट करायचा आणि मगच आवळायचे, हे त्यांनी दाखवलं. आवळून झाल्यावर स्क्रूंची टोकं मागून ठोकून पसरवली, नाहीतर सुटून इंजिनात जातात म्हणाले.

आता मिश्रणाचा स्क्रू लावू का?

सातपूरचा_फिटर

आता लावा. आता त्याची वेळ आली. इंजिन तापलेलं, व्हॅक्यूम गेज लावलेलं. मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, प्रत्येक वेळी इंजिनाला दहा सेकंद द्या. काटा सर्वांत वर जिथे जातो तिथे थांबा. रेस वाढली असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने कमी करा, परत मिश्रण बघा. दोन-तीन फेऱ्यांत जमेल. आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, हे झालेलं असू द्या.

आणि पुढच्या ५००-६०० किलोमीटरनंतर ३ चा एक्झॉस्ट थंडवर परत मोजा. फट तेवढीच असेल तर फक्त आवळल्याचा दोष होता. कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसतोय. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली आहेत, ते शिसं सीटवर बारीक थर धरायचं. २००० पासून आपल्याकडे शिसं बंद झालं. चांगलंच झालं, मुलांच्या मेंदूसाठी ते जायलाच हवं होतं, पण जुन्या सीटचं संरक्षणही त्याबरोबर गेलं.

नवखा_११००

हा धागा वाचून मी कपाटातला माझा जुना सोलेक्स काढला. स्पिंडल खडखड हलतोय. काढून टाकला तेव्हा कुणी हे सांगितलंच नाही. ताई, त्या लेथवाल्यांचं दुकान साधारण कुठे आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का?

पद्मिनीवाली

कळवते.

सहा आठवड्यांनी लिहितेय. ६४० किलोमीटर झाले. पीयूसी पास: सीओ २.१, एचसी ६१०. सिग्नलला हेडलाइट लावूनही गाडी उभी राहते.

काल थंड इंजिनावर परत मोजलं. सात व्हॉल्व्ह जिथल्या तिथे. ३ चा एक्झॉस्ट मी लावला होता त्यापेक्षा ०.०५ ने घट्ट झालाय. परत मोकळा केला.

सातपूरचा_फिटर

म्हणजे थोडा बसतोय. दर ५०० ला मोजत राहा आणि तारखेनिशी लिहून ठेवा. सुधारत नसेल तर पावसाळ्यात, गाडी तशीही कमी निघते तेव्हा, हेड काढा आणि फक्त त्या सिलिंडरची एक्झॉस्ट सीट बदला. देवळालीकर म्हणत होते ते काम कदाचित करावं लागेल, पण तेव्हा का करतोय ते तुम्हाला माहीत असेल. रिंगांना हात लावू नका, तेलाच्या चमच्याने त्या ठीक आहेत हे दाखवलंय.

पद्मिनीवाली

बाबांनी सन-व्हायझरच्या मागे एक कागद खोचलाय. त्यावर त्यांच्या अक्षरात तारीख, किलोमीटर आणि फट असे तीन रकाने आखले आहेत, पहिल्या दोन ओळी भरल्या आहेत. सोमवारी सकाळी साडेसहाला निघालो. त्र्यंबकपर्यंत तेच चालवत होते. परत येताना पपया नर्सरीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि सिग्नल सुटेपर्यंत इंजिन ऐकत बसले.